यादी देणार नाही, भावोजी

तीर्थरूप भावोजी यांस,

तुमच्या एकुलत्या एका, आणि गेल्या मंगळवारपासून पोलीस दफ्तरी नोंद झालेल्या मेव्हणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ताई फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली आहे आणि तुम्ही ती बंदी मोडायला म्हणून दिवसातून चारदा गच्चीवर जाता. (कायद्याच्या पालनावर पेपरात दीड कॉलम लिहिणाऱ्या माणसानं असं करावं का, हा प्रश्न मी विचारत नाही. नुसता नोंदवून ठेवते.) रक्तदाब तपासून घ्या आणि मगच पुढचं वाचा. मी ठणठणीत आहे. कंबर जिथे दुखत होती तिथेच दुखते, आणि तोंड तर तुम्हाला माहीतच आहे.

तुमचं पेपरातलं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा लाँड्रीत मशीन चालू असताना ओरडून, कारण सगळ्यांना ऐकायचं होतं. 'केंद्र झोपले असेल तर राज्याने जागे व्हावे' हा मथळा फक्कड आहे. आणि तुमचं म्हणणं मला कळलं नाही असं समजू नका. बाहेरच्या देशातून कोण आलं, परवाना संपल्यावर कोण राहिलं, हे बघणं आजवर केंद्राचं काम होतं. केंद्राच्या कचेरीत अर्जांवर धूळ बसते. म्हणून आपल्या राज्यानं स्वतःचा कायदा केला. आता कुठलाही पोलीस 'वाजवी संशय' आला की कुणालाही थांबवून कागद मागू शकतो, आणि प्रत्येक दुकानदारानं पंधरा तारखेच्या आत आपल्या कामगारांची यादी, जन्मस्थानासकट, तक्ता क्रमांक सातमध्ये भरून चौकीत द्यायची. हा अधिकार मुळात राज्याचा की केंद्राचा यावर दोघं कोर्टात एकमेकांच्या झिंज्या ओढत आहेत, पण निकाल लागेपर्यंत कायदा लागू. तुम्ही लिहिलंत की रांग मोडणाऱ्याला सोडलं तर रांगेत उभं राहणाऱ्यावर अन्याय होतो. अगदी मान्य. रांग मोडणाऱ्याला मी स्वतः कधी सोडलेलं नाही, विजेच्या बिलाच्या खिडकीवर विचारा. पण भावोजी, जी बाई अकरा वर्षं रांगेत उभी आहे आणि खिडकीतला माणूस पाटी लावून जेवायला गेला तो गेलाच, त्या बाईला तुम्ही घुसखोर म्हणणार की गिऱ्हाईक?

ही बाई म्हणजे आमची फाइलबाई. लाँड्रीत सगळे तिला असंच म्हणतात, आणि तीही त्याच नावाला ओ देते. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आली. परवाना त्याच्या नोकरीचा, आणि त्या परवान्याच्या शेपटाला बांधलेला हिचा. चौथ्या वर्षी नवरा आजारपणात गेला, आणि त्याच आठवड्यात कागदावरून हीसुद्धा गेली. कडेवर मुलगी. मुलगी इथे जन्मलेली, म्हणजे ती इथली. आई मात्र कुठलीच नाही. तिनं केंद्राकडे अर्ज केला. तेव्हापासून कचेरीतून जो कागद येईल तो एका निळ्या फायलीत लावते. अर्ज पोचला याची पोच, पोच मिळाल्याची पोच, कचेरीचा पत्ता बदलल्याची सूचना, बदललेला पत्ता पुन्हा बदलल्याची सूचना. शिवाय मुलीचे लसीचे कागद, शाळेची प्रगतिपुस्तकं, स्वतःचे सगळे एक्स-रे. (एक्स-रे कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "आतूनपण बघायचं म्हणाले तर?") बॉयलर फक्त तीच चालवू शकते. बाकीच्यांनी हात लावला की तो असा काही फुरफुरतो की सगळे रस्त्यावर. आणि चादरीची घडी अशी घालते की उलगडायला जीव होत नाही. तिच्याकडे परवाना नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे मी लिहून देते आहे. पत्र जपून ठेवा, पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

तर मंगळवारी सकाळी अकरा वाजता, रोलर गरम, चारी बाजूंनी वाफ, आणि दारात एक साहेब आणि एक शिपाई. साहेबांचा चष्मा वाफेनं पांढरा झाला, त्यामुळे पहिलं मिनिटभर ते टांगलेल्या कोटाशीच बोलत होते.

"मालक कुठे आहेत?"

"मीच."

"मिस्टर?"

"वर." (वर म्हणजे कायमचे वर, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिपायाला नव्हतं. तो बिचारा पोटमाळ्यावर जाऊन पाहून आला.)

मी विचारलं, वाजवी संशय कुणाचा आला? साहेब चष्मा पुसत म्हणाले, "कुणाचाच नाही, बाई. चेहरा बघून माणूस निवडायचा नाही असं वरून पत्र आलंय. म्हणून सगळ्यांचेच कागद बघायचे." म्हणजे कुणावरच संशय नाही म्हणून सगळ्यांवर. मी म्हटलं, मग माझ्यापासून सुरुवात करा. खरं सांगते, तेव्हा माझा हिशोब असा होता की दहा पिढ्या इथे मातीत गेलेल्या बाईचे कागद बघून साहेब इतके गार पडतील की पुढे जाणारच नाहीत.

जन्माचा दाखला माझ्या कपाटात लग्नापासून घडी करून ठेवलेला. तो मी आयुष्यात वाचलेला नव्हता. आपण जन्मलो आहोत हे माहीत असताना दाखला कोण वाचतं? साहेबांनी वाचला. मग परत वाचला. मग शिपायाला वाचायला दिला. त्यावर नावाची जागा रिकामी आहे, आणि लिंगाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'पुरुष' लिहिलेलं आहे. ताईनंतर मुलगाच होणार हे आमच्या बाबांनी इतकं मनाशी धरलं होतं, की मला बघायच्या आधीच ते नोंद करून आले असणार. मी मतदानाचं कार्ड पुढे केलं. त्यावर मी बाई आहे, पण जन्मसाल दोन वर्षं पुढचं. एक कागद म्हणतो मी बिननावाचा मुलगा, दुसरा म्हणतो मी दोन वर्षांनी लहान. (दुसऱ्याबद्दल माझी तक्रार नाही.) साहेब फार नम्रपणे म्हणाले, "बाई, या कागदांवरून आपण कोण आहात हे सांगणं कठीण आहे." सत्तावन्न वर्षांत हे मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.

तेवढ्यात फाइलबाई पुढे आली. तिनं हात पुसले, घड्यांच्या टेबलावरच्या चादरी बाजूला सारल्या आणि फाइल ठेवली. पहिली गाठ तिला सुटेना, ती शिपायानं सोडून दिली. साहेब अर्धा तास उभ्यानं पानं उलटत होते. म्हणाले, "माझ्या स्वतःच्या घराचे एवढे कागद नाहीत माझ्याकडे." पण पंचाईत अशी की केंद्राची पोच चालते की नाही, हे राज्याच्या कायद्यात कुणी लिहिलेलंच नाही. त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला चालते, दुसरा म्हणाला चालत नाही, तिसरा म्हणाला तुम्ही कोण बोलताय. शेवटी ठरलं की तिनं गुरुवारी अकराला चौकीत यायचं आणि तोवर कामाला हात लावायचा नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. तक्ता क्रमांक सात? मी म्हटलं, देणार नाही. माणूस वाईट नाही हो, त्यांनी मला पळवाट दिली. "देणार नाही, की अजून भरला नाही?"

"देणार नाही."

"बाई, नीट विचार करून बोला."

"विचार करूनच बोलते. मी चादरी धुते, साहेब. माणसांच्या याद्या करत नाही."

(हे वाक्य मी आधीपासून तयार ठेवलं होतं हे कबूल करते. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. आरशासमोर जास्त चांगलं झालं होतं.)

अशी मी चौकीत गेले. साडेबारा ते चार, लाकडी बाकावर. चहा मिळाला, पंखा मिळाला, आणि समोर भिंतीवर तक्ता क्रमांक सात कसा भरावा याचा नमुना लावलेला होता, तो मी पाठ केला. दोन वाजता चौकीचा फोन वाजला. इस्पितळाची मेट्रन. आमच्याकडून रोज दोन वाजता त्यांच्या चादरी जातात. त्या दिवशी गेल्या नाहीत, कारण बॉयलर गार, कारण फाइलबाईनं कामाला हात लावायचा नाही. तिला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिनं खरोखरच लावला नाही, टेबलाजवळ हात मागे बांधून उभी राहिली. कायद्याचं इतकं काटेकोर पालन या राज्यात त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही. मेट्रन इतक्या जोरात बोलत होती की साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि मला बाकावर बसून सगळं ऐकू आलं. "ऑपरेशन थांबलंय! पेशंटला काय पेपरावर झोपवू?" साहेबांनी फोन ठेवला. बराच वेळ टाचणी टेबलावर उभी करायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "तुमचा बॉयलर कोण चालवतं?"

मी म्हटलं, "जिला तुम्ही हात लावू नको म्हणालात ती."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी लेखी आदेश दिलेला नव्हता."

शिपाई सायकलवर लाँड्रीत जाऊन बॉयलर पेटवायला सांगून आला. चारला मला सोडलं. जाताना साहेब म्हणाले, "बाई, यादी द्या. माझ्या हातात काही राहणार नाही." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दमलेला होता, आणि त्याचा मला जास्त राग आला.

शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. तुमच्यासारखं बोलणारे बरेच होते, माझ्यासारखं बोलणारेही बरेच, आणि दोन्ही बाजूंचे बरेचसे लोक फक्त खुर्ची मिळाली म्हणून बसलेले. पण एका माणसानं मला गप्प केलं हे तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर पत्र खोटं होईल. आमच्या शेजारच्या गाळ्यातला सुतार. वीस वर्षांची ओळख, माझी सगळी कपाटं त्यानं केलेली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी कुणाचा दुष्मन नाही. पण ठेकेदार बिनकागदाची माणसं आणतो, निम्म्या मजुरीवर राबवतो, आणि तक्रार केलीस तर पोलिसाला सांगीन म्हणतो. ती माणसं भीतीनं गप्प, आणि मी घरी बसून. मला कुणी सांगेल का मी काय करायचं?" एवढंच बोलून बसला. तीन मिनिटांतलं एकही त्यानं पुरं वापरलं नाही. माझी चिठ्ठी माझ्या हातात, त्यावर अकरा मुद्दे, आणि त्यातला एकही त्याच्या प्रश्नाला लागू नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी चिठ्ठी पर्समध्ये घातली. (पर्स बंद होईना, तिथेच माझं अर्धं मिनिट गेलं.) मी म्हटलं, सुतार बोलला ते खरं आहे. पण ठेकेदाराच्या हातातली ही काठी कुणी दिली? माणूस घाबरलेला असतो म्हणून स्वस्त मिळतो, आणि या कायद्यानं तो आणखी घाबरेल, म्हणजे आणखी स्वस्त मिळेल. ठेकेदाराची यादी मागा ना, मजुरी किती देतो याची. त्या तक्त्याला नंबर द्या, मी स्वतः चौकीत पोचवीन. मी म्हटलं, देशात कोणी यावं, कोणी येऊ नये, हे ठरवायला सरकार हवंच. मी काही माझं दुकानसुद्धा उघडं टाकून झोपत नाही. पण अर्जाला हो किंवा नाही एवढं उत्तर अकरा वर्षांत देता येत नाही, आणि मला मात्र पंधरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं! घंटी वाजली. मी म्हटलं, वाजू दे. माझ्या बाईची घंटी अकरा वर्षं वाजते आहे, कुणी उठलं नाही. पुन्हा घंटी. मी म्हटलं, सत्तावन्न वर्षं मी बिननावाचा मुलगा म्हणून या राज्यात बेकायदा राहते आहे, आधी मला पकडा. लोक हसले, अध्यक्षसुद्धा हसले, आणि मग ती घंटी वाजवणारी मुलगी हसली म्हणून मला आणखी अर्धं मिनिट मिळालं. त्यात काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून धन्यवाद म्हणून बसले. सुतारानं सरकून जागा दिली. बाहेर पडताना म्हणाला, "तुमच्या दाराची बिजागरी ढिली झालीय, सोमवारी बघतो." त्याला मी पटले असं मी म्हणणार नाही. बिजागरीपुरती पटले असेन.

तिथून मी तडक चौकीत गेले आणि तक्ता क्रमांक सात भरून दिला. हो, दिला. यादीत एकच नाव आहे. माझं. जन्मस्थान: बाबांना माहीत होतं, ते आता नाहीत. कागदपत्रे: परस्परविरोधी. शेरा: संशयास्पद. नावांच्या बाकीच्या ओळी मी आडवी रेघ मारून बंद केल्या, म्हणजे मागाहून कुणी काही भरायला नको. साहेबांनी वाचलं, खालचा ओठ चावला, शिक्का मारला, आणि टेबलाच्या खणातून आधीच टाइप करून ठेवलेली नोटीस मला दिली. लाँड्रीचा परवाना महिनाभर स्थगित का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करा. मी ती नोटीस फ्रेम करून गल्ल्यामागे टांगली आहे. गिऱ्हाइकं वाचतात आणि डाग कुठे आहे ते सांगायचं विसरतात. महिनाभर बंद राहिलो तर माझं काय होईल, हे मला ठाऊक आहे. लाँड्रीतल्या सहाही जणांना बसवून मी ते सांगितलं. यादी द्या असं एकजणही म्हणाला नाही. फाइलबाईच तेवढी म्हणाली, "माझं नाव घाला. मी घाबरत नाही." हे ती भिंतीकडे बघून म्हणाली.

तर भावोजी, तुमचा कायदा तुमच्याकडे. मला माझं मत बदलायला लावू नका, आणि पेपरात माझ्याविरुद्ध लिहायचं असेल तर खुशाल लिहा, फक्त मेव्हणी या शब्दात 'व्ह' नीट छापला जाऊ दे. दंड झाला तर भरीन, टाळं लागलं तर दारात बसून धुईन, पण यादी देणार नाही, देणार नाही, देणार नाही. मी कुणासमोर हात पसरणार नाही आणि कुणाची मनधरणीही करणार नाही.

ताईला जवळ घेतल्याचं सांगा. (तुम्ही घ्या असं नाही, मी घेतल्याचं सांगा. तुम्हीही घेतलंत तर हरकत नाही.)

तुमची,
संशयास्पद मेव्हणी

ता. क. गुरुवारचं सांगायचं राहिलंच. फाइलबाई आणि मी अकराला चौकीत गेलो. साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, आणि मध्येच थांबले. तिचा अर्ज नामंजूर नाही, भावोजी. तो नऊ वर्षांपासून 'अपूर्ण' आहे. केंद्रानं एक कागद मागितला होता, ते पत्र तिच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेलं. त्यानंतरच्या प्रत्येक पोचेवर तळाला बारीक अक्षरात त्याच पत्राचा नुसता क्रमांक आहे, आणि आम्ही सगळे तो फायलीचा नंबर समजत होतो. हवं होतं एक निवेदन: अर्जदाराला दहा वर्षांहून जास्त ओळखतो, वर्तणूक चांगली आहे. सही राजपत्रित अधिकाऱ्याची, निवृत्त चालेल. केंद्राच्या कचेरीत साहेबांनी स्वतः फोन करून येत्या शुक्रवारची तारीख घेऊन दिली आहे. मेट्रनची सही चालत नाही, बँकेच्या मॅनेजरची चालत नाही. आपल्या सगळ्या गोतावळ्यात राजपत्रित माणूस एकच आहे, आणि तो पेपरात पत्रं लिहितो.

ता. क. २. तुम्ही खोटी सही करणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि मी मागतही नाही. अकरा वर्षांपूर्वी ताई इस्पितळात होती, तेव्हा दिवसभर तिच्या उशाशी एक बाई बसायची, निळ्या स्वेटरमधली. तुम्ही तिला सिस्टर म्हणायचात. डबा आणायची, ताईचे केस विंचरायची, आणि तुम्ही व्हरांड्यात एकटे रडत होतात तेव्हा पाण्याचा पेला ठेवून निघून गेली. तुम्ही नंतर इस्पितळाला आभाराचं पत्र लिहिलंत, आणि अशी कुणी नर्स आमच्याकडे नाही असं त्यांचं उत्तर आलं म्हणून चिडलात. ती लाँड्रीतून रजा घेऊन येत होती. तुम्हाला सांगू नका म्हणाली, अवघडतील म्हणाली. त्या पत्राची प्रत तुमच्या कपाटात तारखेसकट असणारच. वर्तणुकीबद्दल तुम्ही त्यात जे लिहिलंत त्याहून जास्त काही लिहायला नको. मत तुमचं तुमच्याकडेच ठेवा. सही करून झाल्यावरही ठेवा.

ता. क. ३. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या बाईनं ते तुमच्या हातात दिलं आणि जी आत्ता तुमच्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसली आहे, ती तीच. दोन बस बदलून आली आहे, आणि वाटेत तीन नाक्यांवर कागद बघतात. पेन तिच्याकडे आहे. सावकाश वाचा, घाई नाही, असं ती म्हणेल. तिचं ऐकू नका.